पूर्वकथेची प्रतीक्षा आणि भयाचा क्षय : ‘एलियन’, कल्कींची पल्लवकथा आणि ‘तुंबाड’

१

एखादी कथा लोकप्रिय झाल्यानंतर तिच्या आधी घडलेल्या घटनांची दुसरी कथा रचली जाते, तेव्हा तिला ‘प्रीक्वेल’ असे म्हटले जाते. या लेखात त्यासाठी ‘पूर्वकथा’ हा शब्द योजला आहे. काळाच्या दृष्टीने ती आधीची असते आणि निर्मितीच्या दृष्टीने नंतरची. जेरार जनेत यांनी १९८२ च्या ‘पॅलिम्पसेस्ट’ या ग्रंथात अशा मागे जाणाऱ्या विस्ताराला स्वतंत्र स्थान दिले आहे. परंतु त्यांचे वर्गीकरण दोन संहितांमधील नात्याचे आहे. पहिली संहिता वाचून झालेला आणि दुसरीची वाट पाहत असलेला वाचक त्या वर्गीकरणात येत नाही. पूर्वकथेचा विचार त्या वाचकाला वगळून केला, तर तिचे वैशिष्ट्यच हातून निसटते.

उत्तरकथेची वाट पाहणारा वाचक ‘पुढे काय झाले?’ असे विचारतो. पूर्वकथेची वाट पाहणाऱ्याला पुढे काय झाले ते ठाऊकच असते. त्याचा प्रश्न ‘हे असे का झाले?’ असा असतो. पहिल्याची उत्सुकता परिणामाविषयी असते, दुसऱ्याची कारणाविषयी. हा भेद वरवर साधा वाटतो. मूळ कथा भयकथा असली, विशेषतः विज्ञानाच्या चौकटीतील भयकथा असली, की तो पेचाचे रूप घेतो. भय बहुधा कारण न कळण्यावर पोसलेले असते. ज्या अज्ञाताने वाचकाला झपाटले, त्याचाच खुलासा तो मागतो आणि खुलासा मिळाला की झपाटलेपण ओसरते. या मागणीचे पुढे काय होते, याचा शोध तीन उदाहरणांच्या आधारे येथे घेतला आहे. पहिले उदाहरण हॉलिवूडचे, दुसरे चेन्नईच्या टी. नगरातील ग्रंथव्यवहाराशी जोडलेल्या तमिळ कादंबऱ्यांचे आणि तिसरे मराठी परिसरातून आलेल्या चित्रपटाचे आहे.

२

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांपैकी चार मूळ आणि चार त्यांपासून उत्पन्न होणारे मानले आहेत. शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत आणि बीभत्सापासून भयानक, असा तो क्रम आहे. म्हणजे या मांडणीत भयानक हा जन्य रस आहे. त्याच्या मागे काहीतरी असते, त्याच्या पुढे मात्र दुसरा रस उत्पन्न होत नाही. भयापाशी येऊन ही साखळी थांबते.

भयकथेची पूर्वकथा ही साखळी उलट चालू पाहते. भयापासून निघून ती त्याच्या उगमाकडे जाते. मात्र या उलट प्रवासात तिला बहुधा बीभत्स सापडत नाही, रौद्र सापडतो. कोणाचा तरी क्रोध, कोणावर तरी झालेला अन्याय, एखादा सूड तिच्या हाती लागतो आणि रौद्रापासून करुण उत्पन्न होतो. भयानक पात्राचा उगम सांगणारी कथा त्याला करुण करून परतते, ही गोष्ट केवळ लेखकाच्या दयाळूपणामुळे घडत नाही. कारण शोधण्याच्या क्रियेतच ती अंतर्भूत असते. ज्याला कारण आहे त्याला इतिहास असतो आणि ज्याला इतिहास आहे त्याच्याविषयी निव्वळ भय वाटणे अवघड होते.

भारतीय कथापरंपरेला ही वाट अपरिचित नाही. भागवत पुराणातील जय-विजयांची कथा ही खलनायकांची पूर्वकथाच आहे. हिरण्याक्ष व हिरण्यकशिपू, रावण व कुंभकर्ण, शिशुपाल व दंतवक्त्र हे सारे वैकुंठाच्या द्वारपालांचे शापग्रस्त जन्म होत, असे कळल्यावर श्रोत्यांच्या मनातील भीतीची जागा एक प्रकारची समजूत घेते. महाभारताचे कथनही जनमेजयाच्या प्रश्नांमुळे पुढे सरकते. त्याला आपल्या पूर्वजांचा शेवट ठाऊक आहे, कारण हवे आहे. मात्र पुराणकथेचे अंतिम प्रयोजन भय हे नव्हते. त्यामुळे भय विरघळले तरी तिचे काही बिघडत नसे. आधुनिक भयकथेची स्थिती तशी नाही. तिथे भय हेच प्रयोजन आहे.

३

रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ हा चित्रपट १९७९ मध्ये प्रदर्शित झाला. ‘नॉस्ट्रोमो’ या मालवाहू अंतराळयानातील कर्मचारी एका ओसाड गोलावर उतरतात आणि तेथे त्यांना एक परके, निकामी यान सापडते. त्या यानात एका प्रचंड आसनाशी एकजीव झालेला, अश्मवत झालेला अवाढव्य देह बसलेला असतो. त्याच्या छातीच्या फासळ्या आतून बाहेर फुटलेल्या असतात. तो कोण, कोठून आला, कोठे निघाला होता, यांपैकी कशाचेही उत्तर चित्रपट देत नाही. कर्मचारी पुढे जातात आणि प्रेक्षकही त्यांच्याबरोबर पुढे जातो. स्विस चित्रकार एच. आर. गायगर यांच्या कल्पनेतून आलेल्या या आकृतीला ‘स्पेस जॉकी’ असे नाव पडले.

१९८६, १९९२ आणि १९९७ मध्ये अनुक्रमे जेम्स कॅमेरॉन, डेव्हिड फिंचर आणि झां-पिएर ज्यने यांनी पुढचे भाग केले. त्यांपैकी एकाही चित्रपटाने त्या मृत देहाकडे वळून पाहिले नाही. तो कोण होता हे कोणालाच कसे विचारावेसे वाटले नाही, याचे आश्चर्य स्कॉट यांनी पुढे मुलाखतींतून व्यक्त केले. चाहते मात्र हा प्रश्न विचारतच होते. २००९ मध्ये पूर्वकथेची बातमी आली, २०११ च्या आरंभी तिला ‘प्रॉमिथियस’ हे नाव मिळाले आणि जून २०१२ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. तेहतीस वर्षे उघडी राहिलेली ती जागा अखेर भरली जाणार होती.

ती कशी भरली गेली, हे पाहण्यासारखे आहे. अश्मवत वाटणारा देह हा देह नसून एक पोशाख होता आणि त्याच्या आत मानवसदृश, फिकट वर्णाचा, धिप्पाड असा कोणी होता, असे पूर्वकथेने सांगितले. मानवजातीची निर्मितीही याच वंशाने केली होती. २०१७ च्या ‘एलियन : कॉव्हेनंट’ने आणखी एक पाऊल मागे टाकले. मूळ मालिकेतील भक्षक प्राण्याला त्याचे रूप देणारा कोण, तर माणसाने घडवलेला डेव्हिड हा यंत्रमानव. म्हणजे जे सर्वस्वी परके होते ते दोन चित्रपटांत घरचे झाले. १९७९ मध्ये भय होते ते विश्वाला माणसाशी काहीच देणेघेणे नसण्याचे. २०१७ पर्यंत त्याचे रूपांतर जनक आणि अपत्य यांच्या कलहात झाले.

‘प्रॉमिथियस’ला जगभर सुमारे ४० कोटी डॉलरचे उत्पन्न मिळाले. त्यामुळे त्याला अपयशी म्हणता येत नाही. तरीही मूळ मालिकेच्या निष्ठावंत प्रेक्षकांत त्याच्याविषयी तीव्र मतभेद झाले आणि ते दीर्घकाळ टिकले. त्याचे खापर सहसा पटकथेतील विसंगतींवर फोडले जाते. पटकथा निर्दोष असती तरी हा मतभेद टळला असता असे वाटत नाही. प्रेक्षकाने उत्तर मागितले होते आणि त्याला उत्तर मिळाले. त्याला हवी होती ती मात्र उत्तराची शक्यता, आणि ती शक्यता उत्तर मिळताच संपली. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत सांगायचे, तर अपेक्षा-क्षितिजाचा येथे भंग झाला नाही, ते गाठले गेले. क्षितिज गाठले गेले की ते क्षितिज राहत नाही.

४

भय वितळूनही पूर्वकथा मूळ कथेपेक्षा मोठी ठरल्याचे उदाहरण शोधायचे, तर सत्तर वर्षे मागे आणि तमिळ भाषेत जावे लागते. चेन्नईतील टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर, ही जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाची वस्ती १९२० च्या दशकात मांबलमच्या तलावाच्या पात्रावर वसवण्यात आली. आज ती रंगनाथन स्ट्रीट आणि पाँडी बझार येथील कापड व दागिन्यांच्या व्यापारासाठी ओळखली जात असली, तरी तमिळ ग्रंथप्रकाशनाचेही ते एक केंद्र आहे. तेथील दीनदयाळू रस्त्यावरील ‘वानति पदिप्पगम’ ही संस्था कल्कींच्या कादंबऱ्यांच्या प्रकाशनासाठी पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. ‘वानति’ हे कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’मधील एका राजकन्येचेही नाव आहे.

कल्की म्हणजे रा. कृष्णमूर्ती (१८९९–१९५४). १९४१ मध्ये त्यांनी टी. सदाशिवम यांच्यासह ‘कल्की’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून लवकरच ‘पार्थिबन कनवु’ (पार्थिबाचे स्वप्न) ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. पल्लव सम्राट नरसिंहवर्म्याच्या मांडलिकत्वातून चोळ देश मुक्त व्हावा, हे पार्थिब राजाचे स्वप्न आणि त्याचा पुत्र विक्रमन हा तिचा विषय. या कादंबरीत एक निखळ भयकथाही दडलेली आहे. एका हाताचा महाकपाल भैरव, त्याचा ठेंगू अनुचर, राणीचे अपहरण, कालीची तहान भागवण्यासाठी मांडलेला नरबळीचा बेत, हा सारा भाग अंधार, गुहा आणि रक्त यांच्या भाषेत लिहिलेला आहे. शेवटी शिरुत्तोंडर पुढे येऊन सांगतात, की हा भैरव नव्हेच, हा वातापीच्या पुलिकेशीचा भाऊ नीलकेशी आहे. भय दूर होते. पण वाचकाच्या मनात एक नवा प्रश्न उरतो. एका सम्राटाचा भाऊ नरबळी मागणारा कापालिक कसा झाला? त्याचा हात कोठे गेला?

त्याचे उत्तर १९४४ ते १९४६ या काळात त्याच साप्ताहिकातून प्रसिद्ध झालेल्या ‘शिवकामियिन शपथम’ (शिवकामीची शपथ) या कादंबरीने दिले. घटनाकाळाच्या दृष्टीने ती ‘पार्थिबन कनवु’च्या आधीची आहे. म्हणजे तमिळ वाचकवर्ग आठवड्यामागून आठवडा एका पूर्वकथेची वाट पाहत होता. वातापी जळणार हे त्याला ठाऊक होते. नरसिंहवर्मा जिंकणार, परंज्योती पुढे शिरुत्तोंडर होणार, हेही ठाऊक होते. त्याची उत्सुकता परिणामावर अवलंबून नव्हती.

या कादंबरीत कापालिकाचे पूर्वरूप नागनंदी या बौद्ध भिक्षूच्या रूपाने येते. तो पुलिकेशीचा जुळा भाऊ, हेर आणि कारस्थानी आहे. त्याचबरोबर तो अजिंठ्याच्या लेण्यांत वाढलेला, तेथील अक्षय रंगांचे रहस्य जाणणारा आणि शिवकामीच्या नृत्याने वेडावलेला रसिक आहे. त्याच्या अधःपाताचे मूळ कलेच्या आसक्तीत आहे, असे कल्कींनी दाखवले. वर सांगितलेली प्रक्रिया येथे जशीच्या तशी घडते. भयानकाच्या मागे जाता जाता करुण हाती येतो.

मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने या परिवर्तनाला आणखी एक पदर आहे. तमिळ वाचकाला ज्या दिशेकडून संकट येते ती दिशा चालुक्यांची, वातापीची आणि अजिंठ्याची आहे. ऐहोळे येथील ६३४ च्या शिलालेखात पुलकेशी दुसरा हा नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हणून वर्णिलेला आहे. आपल्या इतिहासलेखनात हर्षवर्धनाला रोखणारा म्हणून गौरवला गेलेला राजा तेथे प्रतिनायक आहे आणि आपले अजिंठा हे तेथे राक्षसाचे पाळणाघर आहे. मात्र कल्कींनी त्या पाळणाघरात चित्रकला ठेवली. शत्रुपक्षाला कारण देणे म्हणजे त्याला संस्कृती देणे होय, ही जाणीव त्यांच्यापाशी होती. मूळ कादंबरीतील कापालिकाला प्रदेश होता, संस्कृती नव्हती. पूर्वकथेने ती उणीव भरून काढली.

मग ‘प्रॉमिथियस’ने जे गमावले ते कल्कींनी का गमावले नाही? याचे एक कारण उघड आहे. ‘पार्थिबन कनवु’मध्ये भय हा गौण रस होता. तो विरला तरी कादंबरी कोसळत नव्हती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कल्कींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना न विचारलेला प्रश्न उभा केला. शिवकामीची कथा सांगा, असा ‘पार्थिबन कनवु’च्या वाचकाचा आग्रह असण्याचे कारण नव्हते. शत्रूच्या नगरात अडकलेली ती नर्तकी नगर जळेपर्यंत परतणार नाही अशी शपथ घेते. ती शपथ पुरी होईपर्यंत नऊ वर्षे उलटतात आणि ज्याच्यासाठी वाट पाहिली तो दुसरीचा पती झालेला असतो. तिची ही कथा पूर्वकथेच्या केंद्रस्थानी आली. कापालिकाचा खुलासा हा तिच्या कथेचा एक भाग झाला. एका गूढाची जागा दुसऱ्या गूढाने घेतली. त्यातही विशेष असे, की प्रतीक्षा हाच त्या कादंबरीचा आशय झाला. वाट पाहणाऱ्या वाचकाला वाट पाहणारी नायिका मिळाली.

५

आता या दोन कादंबऱ्यांच्या आजच्या वाचनाकडे वळावे लागते. कल्कींच्या साहित्याचे तमिळनाडू सरकारने राष्ट्रीयीकरण केल्यानंतर त्यांच्या कादंबऱ्या अनेक प्रकाशकांकडून निघू लागल्या. नव्या वाचकाला सर्रास सुचवला जाणारा क्रम असा : आधी ‘शिवकामियिन शपथम’, मग ‘पार्थिबन कनवु’ आणि शेवटी दहाव्या शतकातील चोळांची कथा सांगणारी ‘पोन्नियिन सेल्वन’. हा इतिहासाचा क्रम आहे, लेखनाचा नव्हे. या क्रमात पूर्वकथा ही पूर्वकथा राहत नाही, ती पहिला भाग होते.

या बदलाची किंमत ‘पार्थिबन कनवु’ला मोजावी लागते. जो वाचक नागनंदीला आधी भेटला, त्याला एका हाताचा भैरव दिसताच ओळख पटते. १९४० च्या दशकातील पहिल्या वाचकाने अनुभवलेले भय त्याला लाभत नाही. शेवटचे रहस्यस्फोटही त्याच्यासाठी रहस्य राहत नाहीत. त्याला दुसरे काही मिळते, ज्याला शोकांतिकेतील अटळता म्हणता येईल. एका रसिकाचा कापालिक झालेला पाहणे हा अनुभव कमी प्रतीचा नाही, पण तो वेगळा आहे. एकाच संहितेतून दोन कादंबऱ्या निर्माण होतात. एक भयाची आणि एक करुणेची. कोणती वाचायला मिळेल हे कोणते पुस्तक आधी हाती पडले यावर ठरते.

यावरून असे म्हणता येईल, की पूर्वकथा ही संहितेची जात नसून वाचनक्रमाची एक अवस्था आहे. जोवर कोणीतरी मूळ कथा आधी वाचून वाट पाहिलेली आहे, तोवरच ती पूर्वकथा असते. ती पिढी सरली की प्रतीक्षा सरते आणि दोन्ही पुस्तके एका मालिकेत शांतपणे शेजारी बसतात. ‘एलियन’ मालिकाही त्याच वाटेवर आहे. २०२५ मध्ये आलेली ‘एलियन : अर्थ’ ही दूरचित्रवाणी मालिका २१२० मध्ये, म्हणजे मूळ चित्रपटाच्या कथाकाळाच्या दोन वर्षे आधी घडते. कथाकाळाच्या क्रमाने ही मालिका पाहणाऱ्या तरुण प्रेक्षकाच्या दृष्टीने १९७९ चा चित्रपट हा चौथा टप्पा ठरतो. आसनावरील तो अश्मवत देह त्याला दिसेल, पण त्याचा थरकाप उडणार नाही. तो कोण हे त्याला आधीच सांगितले गेलेले असेल.

६

मराठी परिसरातील ‘तुंबाड’ या प्रश्नाला वेगळे वळण देतो. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा हिंदी चित्रपट २०१८ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाच्या उद्‌घाटनाला दाखवला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात प्रदर्शित झाला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देते आणि त्याच्या मुळाशी नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेची प्रेरणा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि हस्तरच्या आधीचे काही पाहायला मिळेल का, या चर्चेला उधाण आले.

मात्र ‘तुंबाड’ने आपली पूर्वकथा आपल्या आरंभीच सांगून टाकलेली आहे. समृद्धीची देवी, तिचे पहिले अपत्य हस्तर, सोन्यानंतर धान्याचाही लोभ धरणारा त्याचा हात, इतर देवांचे आक्रमण आणि आईने दिलेला आसरा, हे सारे पहिल्या काही मिनिटांत आजीने नातवाला गोष्ट सांगावी तसे सांगितले जाते. कारण आधीच कळूनही भय कमी होत नाही. त्याचे कारण असे, की चित्रपटाचे भय हस्तरमध्ये नाही. ते विनायकमध्ये आहे. वाड्याच्या गर्भात पुन्हा पुन्हा उतरणारा माणूस आणि बापाच्या पुढे एक पाऊल टाकू पाहणारा त्याचा मुलगा यांच्या भुकेला पुराणकथेतील कारण पुरे पडत नाही. राक्षसाचा उगम कळला तरी लोभाचा उगम कळत नाही.

म्हणून ‘तुंबाड’च्या चाहत्यांच्या प्रतीक्षेत एक धोका संभवतो. हस्तरच्या उगमाचा आणखी तपशील मागणे म्हणजे भयाला माणसातून उचलून पुन्हा राक्षसात नेऊन ठेवणे होय. जे मूळ चित्रपटाने जाणीवपूर्वक टाळले, तेच पूर्वकथेकडून मागितले जाण्याची शक्यता आहे. उलट, विनायकच्या आधीच्या पिढ्यांत, त्या वाड्यात राबलेल्या बायकांच्या मुक्या इतिहासात शिरणारी कथा मात्र शिवकामीच्या वाटेने जाऊ शकेल. तो प्रश्न अद्याप कोणी मोठ्याने विचारलेला नाही.

७

या तीन उदाहरणांतून हाती येणारा निष्कर्ष मर्यादित, पण निश्चित आहे. भयकथेच्या चाहत्याला कारणाची ओढ असणे स्वाभाविक आहे आणि कारणाने भयाचा क्षय होणेही तितकेच अटळ आहे. तो क्षय टाळता येत नाही, त्याची भरपाई मात्र करता येते. कल्कींनी ती केली. ‘प्रॉमिथियस’ने निर्मात्याचा आपल्या निर्मितीवर राग का, असा नवा प्रश्न उभा केला खरा. परंतु त्याचे उत्तर पुढील चित्रपटावर सोपवले आणि त्या चित्रपटाने प्रश्नच बदलला.

तौलनिक अभ्यासाच्या पद्धतीविषयीही एक गोष्ट यातून सुचते. एकाच मालिकेतील दोन संहितांची तुलना करताना त्या कोणत्या क्रमाने लिहिल्या गेल्या याची नोंद आपण घेतो. त्या कोणत्या क्रमाने वाचल्या गेल्या याची नोंद क्वचितच घेतली जाते. आवृत्त्या टिकतात, संहिता टिकतात, चित्रपटाच्या प्रती जतन होतात. दोन संहितांच्या मधला काळ, ज्यात वाचक अपुऱ्या ज्ञानानिशी जगत होता, तो मात्र कोणत्याही ग्रंथालयात ठेवता येत नाही. ‘पार्थिबन कनवु’ संपली आणि ‘शिवकामियिन शपथम’ सुरू झाली नव्हती, त्या काळात तमिळ वाचकाच्या मनात एका हाताचा एक अनाम भैरव वावरत होता. पूर्वकथा आली आणि त्याला नाव, गाव, भाऊ आणि प्रेम मिळाले. त्या भैरवाची भीती ज्यांनी अनुभवली त्यांची संख्या आता फार थोडी उरली आहे. अभिग्रहणाच्या इतिहासाला ती भीतीही नोंदवावी लागेल, कारण पुस्तकांच्या आजच्या क्रमात तिला जागा नाही.